मशेरी सोडायचा प्रकल्प : आमच्या बचत गटाच्या नोंदी, कोपरखैरणे

१ जून २०२५

काल ३१ मे, तंबाखूविरोधी दिन. आरोग्य केंद्रात पोस्टर लावलेले, सडलेल्या जबड्याचे फोटो, गटातल्या आठ-दहा जणी बघून आल्या. आणि मग काय झालं तर तीन टाकीपर्यंत चालत येईस्तोवर सगळ्या गप्प, आणि घरी आल्यावर त्यातल्या बऱ्याच जणींनी पहिलं काम काय केलं तर डबी उघडून मशेरी लावली. मावशींनी स्वतःच सांगितलं, अगं तो फोटो बघून इतकं टेन्शन आलं की हात आपोआप डबीकडे गेला.

मला वाटतं सगळा प्रकल्प याच एका वाक्यावर उभा करावा. भीती घालून सवय सुटत नाही कारण भीती म्हणजे पण टेन्शनच, आणि टेन्शनवर या बायकांकडे असलेलं एकमेव औषध म्हणजे ती डबी. म्हणून आधी टेन्शनचं बघायचं, मग डबीचं.

जरा आकडे, गटाच्या वहीत असावेत म्हणून. २०१६-१७ चा जागतिक प्रौढ तंबाखू सर्व्हे झाला त्यात महाराष्ट्रात धूर ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू, म्हणजे मशेरी, खैनी, गुटखा, मावा वगैरे घेणारे २४.४ टक्के. मोठ्या माणसांत जवळजवळ चारातला एक. पण तंबाखू सोडा म्हणून जाहिरात आली की त्यात सिगारेट विझवणारा पुरुष असतो, तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, बोटाने दाताला लावणारी बाई कुठेच दिसत नाही. आमच्या बायकांना वाटतं ते आपल्याबद्दल नाहीच, आपण तर फक्त दात घासतो.

माझी नखं खायची सवय आहे, लहानपणापासून. मी ती घेऊनच गटात बसणार आहे, नुसती वही घेऊन बाजूला बसायचं नाही असं मी आणि अध्यक्षताईंनी ठरवलं.

८ जून

आठवडाभर कोणी काहीच सोडायचं नाही, फक्त बघायचं, असं सांगितलं होतं. निम्म्या जणींना लिहायला जमत नाही म्हणून टिकल्यांचा उपाय काढला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार खण पाडून दिले, मशेरी लावली की त्या खणात एक टिकली. टेन्शन असेल तर लाल, नुसतीच सवय म्हणून असेल तर हिरवी, पोट साफ व्हायला म्हणून असेल तर काळी. खूप मजेत केलं सगळ्यांनी, पोरींनी पण मदत केली.

आज सगळी कॅलेंडरं जमिनीवर पसरून बसलो. सकाळी काळ्या टिकल्या, ते अपेक्षित होतंच. लाल सगळ्यात जास्त कुठे असतील, मला वाटलं रात्री, भांडणं वगैरे. तर नाही, दुपारी साडेतीन ते सहा. वाशीच्या टॉवरमधली घरकामं करून आलेल्या, मार्केटात कांदा निवडून आलेल्या, सगळ्यांची वेळ तीच. कामावरून आल्या, अजून स्वयंपाक सुरू व्हायचाय, पाणी भरायचंय, पोरांचा क्लास, आणि मधली ती दहा मिनिटं दारात बसून मशेरी.

मग कांदा निवडायला जाणाऱ्या वहिनी बोलल्या ते तसंच्या तसं लिहून ठेवते. "मशेरी लावताना मला कोण उठवत नाही. तोंडात बोट असलं की सासू पण हाक मारत नाही, धू म्हणते आधी तोंड. नुसती बसले ना, की लगेच काम सांगतात."

सगळ्या एकदम हो हो करायला लागल्या. मला वाटतं आतापर्यंत हाच मुद्दा सगळ्यांकडून सुटलेला आहे. डबी काढून घेतली तर निकोटिन तर जातंच पण दिवसातली एकुलती एक हक्काची बैठक पण जाते. मग बाई चिडणार नाही तर काय होणार, आणि चिडली की घरचेच म्हणणार लाव बाई एकदाची मशेरी. आपण बैठक ठेवायची. ती वाचवली पाहिजे, काही झालं तरी.

११ जून

डेंटिस्ट मॅडम गटात येऊन तासभर बसल्या. त्यांनी जे समजावलं त्यातलं महत्त्वाचं :

निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि साधारण दोन तासात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग मेंदू मागायला लागतो, म्हणजे बेचैनी, चिडचिड, डोकं जड. हे अगदी टेन्शनसारखंच वाटतं. मशेरी लावली की ते जातं आणि आपल्याला वाटतं मशेरीने टेन्शन घालवलं. पण त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या मशेरीनेच आणलेलं असतं ना. मावशी म्हणाल्या, म्हणजे हीच आग लावते आणि हीच पाणी ओतते. मॅडमना हे इतकं आवडलं की त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं.

घरी येऊन मी याबद्दल अजून वाचलं. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आलाय, सिगारेट सोडलेल्या लोकांचं टेन्शन, चिंता, उदासी ही न सोडलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली. तो सिगारेटवाल्यांचा आहे, मशेरीवाल्यांचा नाही, पण निकोटिन तेच. सोडलं तर टेन्शनने वेडी होईन असं ज्या म्हणतात त्यांना हे सांगायचं, पहिले काही आठवडे जड जातात हे पण बरोबरच सांगायचं, लपवायचं नाही.

१६ जून

शाळा सुरू झाल्या. फी, वह्या, रेनकोट, रिक्षाचे पैसे, त्यात पाऊस मे मध्येच आलाय त्यामुळे छपराचं काम राहिलेल्या दोघी तिघींचे हाल. आज सुरुवात करायची असं काहींचं म्हणणं होतं पण पुढे ढकललं. याचं कारण पण नीट आहे.

जर्मनीत लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वुल्फ या दोघांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना आधी बर्फासारख्या गार पाण्यात हात धरायला लावून टेन्शन दिलं, काहींना नाही. मग एक खाणं पोटभर खायला घातलं आणि नंतर ते खाणं मिळवायची जी कृती शिकवली होती ती करतात का बघितलं. टेन्शन न दिलेल्यांनी ती कमी केली, पोट भरलं होतं ना. टेन्शन दिलेले मात्र करतच राहिले, सवयीने. म्हणजे ताण आला की माणूस विचाराने कमी आणि सवयीने जास्त चालतो. मग ज्या आठवड्यात फी भरायचीय त्याच आठवड्यात सवय मोडायला बसवणं म्हणजे त्या बाईवर अन्याय आहे. तारीख ठरली २२ जून, रविवार. तोवर घराघरात पूर्वतयारी.

पूर्वतयारी म्हणजे मुख्य काम घरच्यांशी बोलणं. मी आणि अध्यक्षताई घरोघरी गेलो. सांगितलं की रोज साडेतीन ते चार ही बाई बसणार, तिला त्या वेळात चहा मागायचा नाही, काम सांगायचं नाही, तंबाखू सोडायच्या औषधाची वेळ आहे असं समजा. एका घरी मालक म्हणाले बसायला काय औषध लागतं का. अध्यक्षताई शांतपणे म्हणाल्या, भाऊ तुम्ही मार्केटातून आल्यावर काय करता, आडवे होता ना तासभर, तेच. ते हसले आणि हो म्हणाले. माथाडीचं काम करणाऱ्या माणसाला पाठ टेकायची किंमत लगेच कळते.

२२ जून

सुरुवात. ओट्यावर साडेतीनला जमलो, डब्या घरीच रिकाम्या करून आलेल्या. प्रत्येकीने काय ठरवलं ते :

हातासाठी. तंबाखूची नाही तर बोटाची पण सवय असते. नखं खाण्यासारख्या सवयींवर अझ्रिन आणि नन या दोघांनी १९७३ ला एक पद्धत मांडली, सवयीची हालचाल होणार असं जाणवलं की त्याच हाताने तिच्याशी जमणारच नाही अशी दुसरी हालचाल करायची आणि मिनिट दोन मिनिट धरून ठेवायची. मी मूठ वळून मांडीवर दाबते. बायकांनी आपापलं शोधलं, कोणी लसूण सोलते, कोणी वाती वळते, एकीने क्रोशाची सुई आणली. वातींचा ढीग लागणार आहे बहुतेक, देवळात देऊ.

तोंडासाठी बडीशेप, ओवा, लवंग. सुपारी चालणार नाही, यावर बराच वेळ वाद झाला कारण सगळ्यांना वाटतं नुसती सुपारी निरुपद्रवी. सुपारी एकटीच कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्येच तिला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे नक्की झालेल्या गोष्टींत, टाकलंय, आणि तोंड उघडेनासं होतं ते पण सुपारीनेच. तीन बोटं उभी तोंडात जातात का ते तिथेच सगळ्यांनी करून बघितलं. एका काकूंची दोनच गेली. त्यांना उद्या मॅडमकडे नेतेय, खारघरला टाटाच्या सेंटरला जायचं का ते त्या सांगतील.

पोटासाठी. हे कोणी बोलत नाही पण खरी अडचण हीच. मशेरीशिवाय सकाळी होतच नाही असं बहुतेकींचं, आणि ते खोटं नाहीये, निकोटिनने आतडी हलतात आणि सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं. त्यामुळे रात्री कोमट पाण्यात इसबगोल, सकाळी उठल्याउठल्या गरम पाणी, पेरू-पपई, आणि भाकरीबरोबर पालेभाजी वाढवायची. चार दिवसात फरक नाही तर आरोग्य केंद्रात. पोट फुगलेल्या बाईला दीर्घ श्वास घे म्हणून सांगून काय उपयोग!

आणि शेवटी श्वास. नाकाने सावकाश घ्यायचा आणि त्याच्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, मिनिटाला सहा-सात होतील इतपत. मोजायचं नाही, मनात विठ्ठल विठ्ठल म्हणत सोडायचा, मावशींनी काढलेली युक्ती, आकड्यांपेक्षा छान जमते.

२५ जून

कठीण दिवस. मॅडम म्हणाल्याच होत्या की दुसरा तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो. रात्री ग्रुपवर व्हॉइस मेसेजची रांग. डोकं दुखतंय, झोप नाही, पोराला उगाच मारलं आणि मग रडले, भूक भूक होतेय. मी एकेकीला उत्तर देत बसले, उपदेश काहीच नाही, फक्त हे होतं, असंच होतं, उतरेल.

गावठाणातल्या आगरी मावशी आहेत आमच्यात, त्यांचे मालक आधी खाडीत जायचे. त्यांनी आज बैठकीत सांगितलं की तलफ भरतीसारखी येते, अंगावर येते असं वाटतं, पण भरतीला वर चढायला सहा तास लागतात आणि ही तर पाच-दहा मिनिटात उतरते, तेवढं उभं राहायचं, पळायचं नाही. त्यांना माहीत नाही पण अॅलन मार्लॅट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी लाटेचीच उपमा देऊन हीच पद्धत शिकवली होती, तलफ दाबायची नाही, तिच्याकडे बघत तिच्यावर तरंगायचं. मला तर मावशींचंच जास्त पटलं, तास आणि मिनिटं देऊन सांगितलंय त्यांनी.

आता ग्रुपवर कोणीही नुसतं "भरती" लिहिते किंवा बोलते, आणि जी मोकळी असेल ती फोन करते. दहा मिनिटं काहीही बोलायचं, सिरीयल, भाव, काहीही.

६ जुलै

आषाढी. सगळ्यांचे उपवास. रिकाम्या पोटी तलफ जास्त येते हे आज सगळ्यांना कळलं. एक वहिनी खिचडी करता करता शेजारणीच्या डबीतून लावून आल्या आणि मग बैठकीलाच येईनात, घरात दार लावून बसल्या. मी आणि अजून दोघी गेलो. त्यांचं एकच, आता मोडलंच ना, एकादशीला मोडलं, आता काय उपयोग.

हे "आता मोडलंच" फार धोक्याचं. मार्लॅट यांच्या कामात मुख्य मुद्दा हाच आहे, एकदा घसरणं आणि पूर्ण परत जाणं या वेगळ्या गोष्टी, आणि मधे जे घडतं ते तंबाखूने नाही तर शरमेने घडतं. शरम पण टेन्शनच, परत हात डबीकडे. म्हणून आम्ही काय झालं ते विचारलं, का केलंस विचारलं नाही. तर निघालं असं की सकाळपासून पोटात पाणी सुद्धा नव्हतं, निर्जळी, आणि शेजारीण तवा ठेवून तंबाखू भाजत होती. तो वास! त्या वासाने कोणाचीही भरती येईल. उपाय दोन ठरले, सोडलेल्या बाईने यंदा निर्जळी करायची नाही, विठ्ठल काही रागावणार नाही, आणि आमच्या गल्लीत तंबाखू भाजायची असेल तर भाजणारीने आधी सांगायचं म्हणजे आम्ही दारं खिडक्या लावू नाहीतर निसर्ग उद्यानात चक्कर मारायला जाऊ. शेजारीण स्वतःच ओशाळली, म्हणाली मीच भाजत नाही आता घरात.

वहिनी संध्याकाळी आल्या बैठकीला. कोणी काही बोललं नाही, वाती पुढे सरकवल्या.

१३ जुलै

एका काकूंची सून पाचव्या महिन्यात आहे आणि ती पण मशेरी लावते, हे आजच कळलं. काकू स्वतः गटात आहेत, सून नव्हती. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपल्या मुंबईतल्याच गरोदर बायकांचा अभ्यास आला होता, बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आणि दिवस पण लवकर भरलेली. काकूंना हे मी बाजूला घेऊन सांगितलं, पोरीला सगळ्यांसमोर नाही. काकू रात्री सुनेला घेऊनच आल्या. आता सासू-सून साडेतीनला एकत्र बसतात आणि स्वयंपाक काकूंच्या मोठ्या मुलाने चार दिवस सांभाळलाय, हे मी आनंदाने लिहितेय.

निकोटिनच्या च्युइंगमचं मॅडमना विचारलं. २ मिलिग्रॅमचं मेडिकलवर मिळतं, पण नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळत राहायचं नाही, थोडं चावून चव झणझणली की गालात ठेवून द्यायचं, आणि चहा पिऊन लगेच घ्यायचं नाही, पंधरा मिनिटं तरी जाऊ द्यायची, नाहीतर लागू पडत नाही. गरोदर बाईने आणि बीपी-हार्टचा त्रास असणारीने डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. दोघी तिघींना याचा चांगला उपयोग होतोय.

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत, तंबाखू सोडायच्या मदतीचा सरकारी टोल-फ्री नंबर १८००-११-२३५६, आणि मनाचं फारच जड झालं तर टेलिमानस १४४१६. एकीने खरंच टेलिमानसला लावला, तिच्या घरातली मारहाण आहे, ते नुसत्या श्वासाने सुटणारं नाही आणि तसं आम्ही तिला सांगणार पण नाही. तिच्यासाठी वेगळं बोलणं सुरू आहे, इथे लिहीत नाही.

२० ऑगस्ट

मधल्या नोंदी छोट्या आहेत, वहीत आहेत. कालचं मात्र लिहायलाच पाहिजे.

परवापासून पाऊस, काल हार्बर लाईनची लोकल बंद पडली. चेंबूरला कामाला जाणाऱ्या ताई स्टेशनवर अडकल्या, फोन अर्धा चार्ज, घरी दोन पोरं एकटी, पाणी वाढतंय. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने डबी पुढे केली, माणुसकीने, घे बाई जरा बरं वाटेल. ताईंचं "जर-तर" आधी ठरलेलं होतं. आम्ही जुलैत प्रत्येकीचं एक वाक्य पाठ करून घेतलंय, जर अमुक झालं तर मी तमुक करीन. ही पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांची पद्धत, निश्चयापेक्षा असं बांधलेलं वाक्य वेळेला जास्त उपयोगी पडतं कारण त्या क्षणी विचार करावा लागत नाही. ताईंचं वाक्य होतं, जर कोणी डबी दिली तर मी म्हणीन माझं औषध चालू आहे, आणि उठून उभी राहीन.

त्या तसंच म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. प्लॅटफॉर्मच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिल्या, विठ्ठल विठ्ठल करत. ग्रुपवर फक्त "भरती" लिहिलं, बॅटरी वाचवायला. इकडे दोघी त्यांच्या घरी गेल्या, पोरांना जेवू घातलं, आणि पोरांचा फोटो टाकला ग्रुपवर. ताई म्हणतात श्वासाचं माहीत नाही, पण तो फोटो आला आणि छातीवरचं उतरलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ताण सांभाळायचा म्हणजे सगळं बाईनेच आपल्या मनात करायचं असं आपण धरून चालतो. काल ताण कमी झाला तो शेजारणीने भात लावल्यामुळे.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज बैठक. गौरीला बऱ्याच जणी गावी जाऊन आल्या, साताऱ्याकडे, जुन्नरकडे. गावी सगळ्या जावा-नणंदा एकत्र, पहाटे सगळ्यांच्या बोटाला मशेरी, आणि नाही म्हटलं तर मुंबईला जाऊन मोठी झाली का गं. तिघी गावी परत लावून आल्या, त्यातल्या दोघींनी इकडे आल्यापासून पुन्हा बंद केलीय, एक म्हणते दिवाळीनंतर बघू. तिला साडेतीनच्या बैठकीला यायला सांगितलंय, मशेरी लावत असली तरी. बैठक सगळ्यांची आहे. बाकी बहुतेक जणी टिकून आहेत, दोघी फक्त सकाळची एक लावतात. तोंड कमी उघडणाऱ्या काकूंची तपासणी सुरू आहे, मॅडमनी सांगितलेले तोंडाचे व्यायाम त्या रोज करतात. माझी उजव्या हाताची नखं वाढलीत, डाव्या अंगठ्याचं अजून चालू आहे.

किती दिवसात सुटेल असं सगळ्या विचारतात, एकवीस दिवस असं कुठून तरी ऐकलेलं असतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ आणि कोणाला २५४ लागतील असा अंदाज होता. मोडायचं नाही तर लावायच्या सवयीचं आहे ते, पण आमची साडेतीनची बैठक ही नवीन सवयच ना. म्हणून कोणाचीच कोणाशी तुलना करायची नाही.

पुढच्या तुकडीसाठी बदल : गावी जाणारीबरोबर एक पत्र द्यायचं, डॉक्टरने मशेरी बंद केलीय असं, मॅडम सही करून देणार आहेत, गावात कागदाला मान असतो. टिकल्यांचं कॅलेंडर सुटल्यानंतर पण महिनाभर चालू ठेवायचं, टेन्शनच्या लाल टिकल्यांसाठी, म्हणजे कोणाचा आठवडा जड चाललाय ते आधी कळेल. सुरुवात २२ सप्टेंबरला, घटस्थापनेला, पण नवरात्राचे उपवास धरणाऱ्यांनी दसऱ्यानंतर. गटाच्या पैशातून मोठा थर्मास घ्यायचा ठराव झाला, पावसात ओट्यावर चहा गार होतो. अध्यक्षताई उद्या वाशीला बघून येतील.